अक्काच्या टॅबला चाल नव्हती

अक्का गेल्याची बातमी कळंबला पोचली तेव्हा तिथले एक गृहस्थ म्हणाले म्हणे, "सुटली बिचारी!" ज्या बाईनं मला हे फोनवर सांगितलं तिचा आवाज अगदी भरून आला होता. बघा, पाहुण्याला किती वाईट वाटलं, असा एकूण सूर. मी ओट्यापाशी उभी होते. थोरल्या बहिणीला मातीआड करून चार दिवस झाले नव्हते, डोळ्याला खळ नव्हता... आणि तशातही मला हसू आलं. सुटली? अहो, सुटल्यासारखं वाटलं ते त्यांना! आता या पुरवणीच्या संपादकांनी अक्कावर लिहा म्हणून सांगितलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असंही ते म्हणाले. अक्काबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. जिवंत माणसांबद्दल त्यांनी मला काही अट घातलेली नाही.

अक्का म्हणजे महानंदा. माझ्याहून बरीच थोरली. आमचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही. अक्काला अणदूरला दिली आणि लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच सगळ्या पंचक्रोशीत तिचं नाव झालं ते तिच्या गळ्यामुळं. तिच्या आवाजात गोडवा वगैरे काही नव्हता, बरं का. आवाज कसला, खणखणीत घंगाळच ते! पण रुखवताच्या वेळी ती उभी राहिली की मांडवातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. आमच्याकडं रुखवत मांडलं की दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या उण्यादुण्याची गाणी म्हणतात. कुणाच्या टकलावर, कुणाच्या चिकटपणावर, कुणाच्या खादाडपणावर. त्यावर रागवायचं कुणी नाही, ही रीत. उलट ज्याच्यावर गाणं पडलं नाही तो पाहुणा रुसून बसायचा. अक्का जागच्या जागी गाणी जुळवायची. एकदा एका व्याह्यानं तिसऱ्यांदा जिलेबी मागितली, तर पंगत उठायच्या आत त्याच्यावर चार ओळी तयार! हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अक्काशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय आमटी, असं अणदूर-नळदुर्गाकडं अजून म्हणतात.

आता माझं सांगते. सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं स्थळ अक्कानंच आणलं होतं. तिच्या सासरच्या लांबच्या नात्यातला मुलगा, कळंबला धान्याची अडत, घर भरलेलं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पत्नी म्हणून तेवढी एकच रीत पाळायची संधी त्यांनी मला दिली, ती मी अजून पाळते आहे. तर लग्नानंतर जोडीनं देवीला जायचं म्हणून आम्ही तुळजापूरला गेलो. दर्शन झालं, ओटी भरली, उन्हाचं स्टँडवर आलो. त्यांनी मला बाकावर बसवलं, माझी पेटी पायाशी ठेवली, फिरकीचा तांब्या हातात घेतला आणि म्हणाले, "बस हितंच. पाणी घेऊन येतो."

मी बसले. गाड्या लागल्या आणि सुटल्या. माझं लग्नाचं हिरवं लुगडं, हातभर चुडा, आणि जो तो जाता-येता बघतोय. तहान तर अशी लागली होती की जीभ टाळूला चिकटली. समोर पाणपोई दिसत होती. पण मी उठले नाही. मी उठले आणि तेवढ्यात ते आले तर चुकामूक होईल, एवढीच काळजी मला! दिवे लागले तेव्हा कंट्रोलरला शंका आली. त्या भल्या माणसानं मला पाणी पाजलं, गाव विचारलं आणि अणदूरच्या गाडीत बसवून दिलं. मी अक्काच्या दारात उभी राहिले तेव्हा तिच्या हातात पिठाची परात होती. ती तिनं खाली ठेवली नाही. ती पडलीच.

आणि आठ दिवसांनी कळंबहून निरोप काय यावा? "पोरगी वेडसर निघाली. आम्ही पाणी आणायला गेलो, तेवढ्यात पळून गेली. आमची फसवणूक झाली." चोराच्या उलट्या बोंबा! आमचे वडीलधारे बसले, त्यांचे वडीलधारे बसले. सगळ्यांनी मिळून चहा प्यायला आणि ठरवलं की नात्यात वाद नको, जाऊ द्या. गेलं. कोणाचं गेलं ते विचारायला कुणी आत आलं नाही. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. मी अक्काकडंच राहिले, पुढं अणदूरच्याच अंगणवाडीत सेविका झाले. दिवसभर लेकरांत माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण चारचौघांत, लग्नाकार्यात, जिथं नातेवाईक असतील तिथं माझं तोंड उघडत नसे. एक तर सगळ्यांच्या नजरेत ते असायचं... वेडसर. काही बोलले तर 'बघा, बोलली', न बोलले तर 'बघा, बोलत नाही'. दोन्हीकडून मार.

अक्कानं मात्र सोडलं नाही. पहिल्याच लग्नात, जिथं ते गृहस्थ नवी बायको घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, तिथं रुखवताला उभी राहून तिनं गाणं टाकलं:

तुळजापूरच्या स्टँडावरी पाणी आणाया गेला गं,
पाणी होतं लई लांब, अजून न्हाय आला गं!

मांडवभर हशा! तिला वाटलं होतं, तो माणूस शरमेनं उठून जाईल. तो उठला नाही. मांडीवर थाप मारून सगळ्यांच्या वर हसला. रीतच तशी ना! गाण्यावर रागवायचं नाही. मग पुढं हे दर लग्नाला होऊ लागलं. चाल सोपी, शब्द सोपे. बायका ते गाणं आपसूक म्हणू लागल्या, लहान पोरींना पाठ झालं. आणि पुढं पुढं तर तेच गृहस्थ आरोळी द्यायचे, "अक्का, आमचं म्हणा की! आमच्याबिगर रुखवत पुरं व्हतंय का?" अक्का दातओठ खात म्हणायची. हातचं हत्यार तेवढंच होतं तिच्याकडं, आणि त्याची धार ह्या माणसानं हसून हसून घालवली होती. मी त्या वेळी आचाऱ्यांकडं जाऊन लसूण सोलत बसायची. हसण्याचा आवाज तिथंही यायचा. लग्नामागून लग्नं झाली. किती लसूण सोलला असेल, देव जाणे.

मग अक्काच्या गळ्यात गाठ निघाली. जन्मभर मिश्री लावली होती, ती भोवली. सोलापूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला भोक राहिलं आणि त्यातून नुसता वारा. दवाखान्यात ते गृहस्थ शहाळी घेऊन भेटायला आले. खाटेपाशी उभं राहून म्हणाले, "आता लग्नाला मजा न्हाय बघा, अक्का." तोंड असं केलं होतं की जणू सख्खा भाऊ! पण मी डोळे बघत होते. सुंठीवाचून खोकला गेला, हा आनंद त्या डोळ्यांत मावत नव्हता. अक्कानं एक शहाळं उचललं. मला वाटलं, मारते आता! तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

घरी आल्यावर मी अंगणवाडीतली पाटी आणि पेन्सिल तिला दिली. चौथी शिकलेली, अक्षर बऱ्यापैकी. पण पाटीचं दुखणं असं की वाचणारा पाहिजे. दूधवाला वाचायचा नाही, शेजारीण चष्मा घरी विसरायची, आणि अक्का सोप्यात बसून मला हाक कशी मारणार? ताट वाजवायची. ताट वाजलं की मी धावायची. कधी पाणी हवं असायचं, कधी नुसतंच सांगायचं असायचं की समोरच्या घरची सून नव्या साडीत चालली आहे, बघ.

मग पुण्याहून तिचा मुलगा शिवा आला आणि हा टॅब आणला. पाटीएवढाच, काळा, काचेचा. वर लिहायचं, बटण दाबायचं की ते मोठ्यानं वाचून दाखवतं. अक्कानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि पाटीवर लिहिलं, "परत दे." शिवा म्हणाला, "अव्वा, महिनाभर वापरून बघ. उपयोग न्हाय वाटला तर मी नेतो." झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात एकच खटला सुरू झाला, ह्या वस्तूचा रोजच्या जगण्यात उपयोग आहे की नाही. फिर्यादी अक्का, न्यायाधीश अक्का, आणि मी पट्टेवाली.

सुरुवातीला सगळे निकाल टॅबच्या विरोधात गेले. हाताला पीठ असलं की बोट ओळखत नाही. अंगणात उन्हात नेलं की काचेत आपलंच तोंड. लाइट गेली आणि चार्जिंग संपलं की पुन्हा ताट आहेच. आणि आवाज? एका शहरी बाईचा, चापूनचोपून नेसलेल्या! अक्कानं "कुठं मेली होतीस गं" असं लिहिलं तर ती बाई बँकेत नाव पुकारावं तसं म्हणायची, "कुठं मेली होतीस गं." अक्काला कन्नडमधून खेकसायची सवय. तिनं मला गप्प करायला "सुम्न कुंद्रू" लिहिलं, तर टॅबमधली बाई ते असं काही अडखळत म्हणाली की मी गप्प बसायच्या ऐवजी लोळायलाच लागले. आत आधीपासून बटणं तयार होती: मला भूक लागली आहे, मला दुखत आहे, धन्यवाद. अक्का चिडली. हिला वाटतं, आवाज गेलेल्या माणसाला फक्त दुखतं! तिनं स्वतःची बटणं करून घेतली. "चहात साखर घाल, मी अजून मेले न्हाय." "कोण आलंय? बसू नको म्हणावं." मग दूधवाला मात्र टॅबच्या बाजूनं झाला. त्याला सोप्यातून "कालचं दूध पाणीदार होतं" असं शुद्ध आवाजात ऐकू आलं, तेव्हापासून तो दारातच चप्पल नीट काढून उभा राहू लागला.

खरी पंचाईत झाली ती भांडणात. भांडणात उत्तर वेळेवर लागतं. अक्का बोटानं अक्षरं शोधेपर्यंत बायकांचा विषय पार दुसऱ्या गल्लीत गेलेला असायचा. मग कुणाच्या तरी डोहाळजेवणाच्या गप्पांत मध्येच टॅब बोलायचा, "तुझ्या सासूनं तरी कधी भाकरी धड केली होती का?" सगळ्या जणी एकमेकींकडं बघायच्या. कुणाला कशाचं उत्तर आलं ते कुणालाच कळायचं नाही! अक्का रडवेली व्हायची. मग तिनं त्यावर उपाय काढला. कोणती बाई काय बोलणार हे तिला आधीच ठाऊक होतं, जन्म त्यात गेला होता. सकाळीच उत्तरं लिहून ठेवायची आणि बाई आली की बटण. तरी तिचं मत बदललं नव्हतं. महिना भरत आला तेव्हा तिनं मला लिहून दाखवलं, "गाता येत नाही याला. मग काय कामाचं?"

आणि एका दुपारी, मी तांदूळ निवडत होते, अक्कानं टॅबवर ते गाणं लिहिलं. तिला बघायचं होतं, चाल येते का. बटण दाबलं. ती शहरी बाई बोलली, "तुळजापूरच्या स्टँडावरी पाणी आणाया गेला गं. पाणी होतं लई लांब. अजून न्हाय आला गं."

चाल नाही. ताल नाही. टाळी नाही. बातम्या देतात तसं.

माझा हात सुपात थांबला. इतक्या वर्षांत ते गाणं लागलं की मी उठून जायची. आज उठायचं सुचलंच नाही. मी ऐकलं... आणि पहिल्यांदा मला ते गाणं न वाटता, घडलं तसं ऐकू आलं. मला ते बाक दिसलं, पायाशी पेटी दिसली. मी रडले हो. अशी रडले की तांदूळ सांडले. अक्का माझ्याकडं बघत राहिली. जवळ घेतलं नाही तिनं, पाठीवर हात फिरवला नाही. तिची नजर बदलली होती. ती नजर मी ओळखत होते, कुणावर गाणं जुळवताना तिची असायची तीच. तिनं पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लई उपयोगाचं हाय हे."

शिवाला तिनं दुसऱ्या दिवशी कळवलं, टॅब न्यायला येऊ नको.

लग्न निघालं ते भावकीतलंच, मुलीकडून आम्ही. आणि कार्यालय कुठं? तुळजापूरला! मी येत नाही म्हटलं. अक्कानं टॅबवर लिहिलं, "तू यायचं. आचाऱ्याकडं बसायचं नाही. माझ्याशेजारी बसायचं." बाईच्या त्या सपाट आवाजात हुकूम असा वाटतो की नाही म्हणायला जागा राहत नाही. रुखवत मांडलं. बायका म्हणाल्या, अक्काचा आवाज गेला, आता कोण म्हणणार? तेव्हा अक्का उठली. गळ्याभोवती पांढरा रुमाल, काखेत टॅब. निवेदन करणाऱ्या पोरानं कौतुकानं माइक टॅबला लावला, म्हणाला, "मंडळी, आपल्या अक्का आता नव्या जमान्यात!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले ते गृहस्थ फेटा सावरून पुढं सरकले आणि नेहमीसारखे ओरडले, "अक्का, आमचं म्हणा!"

अक्कानं म्हटलं.

"तुळजापूरच्या स्टँडावरी पाणी आणाया गेला गं. पाणी होतं लई लांब. अजून न्हाय आला गं."

हसायला तोंड उघडलेलं होतं त्यांनी. ते तसंच उघडं राहिलं, हसू काही आलं नाही. मांडवात कुणीच हसलं नाही. चाल असती तर बायकांनी धरली असती, टाळी असती तर पुढची ओळ आली असती. इथं काहीच नव्हतं, नुसते शब्द. मागून एका म्हाताऱ्या बाईनं खरोखरच विचारलं, "कोन गं? कोन गेला पानी आनाया?" अक्कानं हात लांब केला आणि बोटानं दाखवलं. मग तेच बोट माझ्याकडं केलं. त्यांची बायको बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती उठली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "अहो, काय म्हनतीय ती? तुमी तर म्हनला हुता, ती पळून गेली." ते म्हणाले, "थट्टा हाय, थट्टा." अक्कानं पुन्हा बटण दाबलं. तोच आवाज, तेच शब्द, ना कमी ना जास्त. माणूस दुसऱ्यांदा बोलताना चिडतो, थकतो. ती बाई चिडत नाही. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ते गृहस्थ उठले आणि जेवण न करता कार्यालयातून बाहेर पडले. त्यांची बायको त्यांच्यामागं गेली नाही. ती तिथंच बसून राहिली, जेवली, आणि जाताना माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली.

मला त्या दिवशी फार आनंद झाला. वाचणाऱ्यांना वाटत असेल, आता ही बाई म्हणेल की मला त्यांची दया आली. नाही आली. मी दोन वाट्या बासुंदी खाल्ली. संध्याकाळी परतताना गाडीत अक्कानं माझ्या मांडीवर टॅब ठेवला, त्यावर लिहिलं होतं, "स्थळ मी आणलं होतं." मी म्हटलं, "गप बस, अक्का." आणि मग आम्ही दोघी खिडकीतून बघत बसलो.

त्यानंतर कळंबहून शिवाला फोन गेला, अव्वाला सांग, ते टॅबमधलं काढून टाक, इज्जतीचा प्रश्न आहे. शिवा बिचारा मवाळ. त्यानं आईला विचारलं. अक्कानं सावकाश टाइप केलं, अगदी चवीचवीनं, "काढते. त्याला म्हणावं, आधी पाणी घेऊन ये." मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात. आमच्या अक्काचं तर तोंडच देवानं धरलं होतं, तरी ती थांबली नाही. पुढच्या दोन लग्नांत ते गृहस्थ आलेच नाहीत. एकदा आले तर काखेतला टॅब बघून मांडवाच्या दारातूनच अक्षता टाकून गेले. ज्यांनी तेव्हा चहा पिऊन 'जाऊ द्या' म्हटलं होतं, त्यातले जे दोघे-तिघे उरले आहेत, ते आता म्हणू लागले, "आमाला तवाच शंका हुती." असू दे! तेही अक्कानं ऐकलं आणि त्यांच्यासाठी एक बटण करून ठेवलं. ते काय बोलतं ते इथं छापता येणार नाही.

शेवटचे महिने तिचे हाल झाले. गाठ पुन्हा आली, बोटांत जोर राहिला नाही. टॅब उशाशी असायचा, पण लिहिणं थांबत गेलं. मी विचारायची, ती डोळ्यांनी हो-नाही सांगायची. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. केस उरले होते ते केवढेसे... घालता घालताच ती गेली. इतका आवाज करून जगलेली बाई, जाताना चाहूलही लागू दिली नाही. मी वेणी पुरी केली. मग शिवाला फोन केला.

तीनेक आठवड्यांनी ते गृहस्थ भेटायला आले. एकटे नाही, चार नातेवाईक मध्ये घालून. सोप्यात सतरंजीवर बसले. शिवा, त्याची बायको, शेजारच्या दोघी, सगळे होते. आधी उन्हाळ्याचं झालं, उसाचं झालं. मग त्यांनी आवंढा गिळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आमचं अन् अक्काचं थट्टेचं नातं व्हतं. लोकांनी उगं वाढवलं. झालं गेलं गंगेला मिळालं." बोलताना त्यांची नजर सारखी फळीवर जात होती. तिथं टॅब होता, झाकण लावलेला, बंद. तो बंद आहे हे त्यांनी बघून घेतलं होतं. म्हणून तर एवढं बोलायचं धाडस झालं.

सगळ्यांनी मान हलवली. मयत झालेल्या घरात माणसं कशालाही मान हलवतात. शिवाही म्हणणार होता, जाऊ द्या. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसले. इतकी वर्षं माझ्या वतीनं अक्का बोलली, अक्काच्या वतीनं टॅब बोलला. आता दोघंही गप्प होते, आणि समोर तो माणूस मांडी घालून माझ्या आयुष्याला थट्टा म्हणत होता.

मी म्हणाले, "थट्टा नव्हती."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. चढलेला नव्हता, रडका नव्हता. "तुळजापूरच्या स्टँडवर तुम्ही मला बसवलंत आणि पाणी आणतो म्हणून निघून गेलात. मी दिवे लागेपर्यंत उठले नाही. मी पळून गेले नव्हते. मी वेडी नव्हते. तुम्ही खोटं बोललात, आणि तुम्हाला हे माहीत आहे." एवढंच. एका लयीत, एकही शब्द न वाढवता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. "पारूबाई, आता ह्या वयात..." असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. मी तेच पुन्हा म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तसंच. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही. ते उठले. पायरीवर तोल गेला, कुणीतरी हात दिला. मी दिला नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या चौघांतला एक जण मागं राहिला, आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी शिवा पुण्याला निघाला. बॅग भरताना त्यानं फळीवरचा टॅब उतरवला, पदरानं पुसावा तसा रुमालानं पुसला. आईचा हात लागलेली वस्तू... त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "मावशी, हा तुझ्यापाशीच ठेवू का? एकटी असतीस. उपयोगाला येईल."

मी तो हातात घेतला. काचेवरचे अक्काच्या बोटांचे डाग त्यानं पुसून टाकले होते. थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि त्याच्या बॅगेत, त्याच्या सदऱ्यांच्या घडीत घातला.

"तूच ने," मी म्हणाले. "मला बोलता येतं."